उगारलेला हात आणि थिरकणारा पाय

डान्सबारचे नाव निघाले की आम्ही सभ्य माणसे आवाज खाली आणतो. मीही त्यांतलाच. २००५ साली मुंबईत मी नुकताच मराठीचा अध्यापक झालो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक बार होता. मध्यरात्री तेथे शिवीगाळ चाले, मारामाऱ्या होत, बाटल्या फुटत. पुढे शेजारच्या बिऱ्हाडात, पगार उधळून परतलेल्या नवऱ्याचा हात बायकोवर पडे. भिंतीतून सारे ऐकू येई. म्हणून ऑगस्टमध्ये सरकारने बारमधील नाच बंद केला, तेव्हा मला हायसे वाटले.

दिवाळीनंतर वर्गातली एक हुशार मुलगी येईनाशी झाली. फी थकली होती. मी निरोप धाडला, तेव्हा येऊन खाली मान घालून म्हणाली, "सर, आईचं काम गेलं." कोणते काम, हे मी विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती.

आणि गल्लीतली मारामारी? नाच गेला, दारू राहिली. बाटल्या पूर्वीसारख्याच फुटत होत्या. भिंतीपलीकडची ती बाईही पूर्वीसारखीच रडत होती.

कायद्याची गंमत अशी की, तीन किंवा अधिक तारे मिरवणाऱ्या हॉटेलांना ही बंदी नव्हतीच! श्रीमंतापुढे नाचले तर कला, इतरांपुढे नाचले तर अनाचार! वर्गात राम जोशी, होनाजी बाळ रंगवून शिकवणाऱ्या माझ्यासारख्यालाही ही विसंगती दिसली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला. २०१६ मध्ये सरकारने नवा कायदा केला. २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयात टिकल्या नाहीत. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची मर्यादा आणि नोटा उधळण्याची मनाई मात्र राहिली.

या दोन अटी मला मनापासून पटतात. भांडणे पेटतात ती उशिरापर्यंत ढोसलेल्या दारूने आणि पैशांच्या चढाओढीने. कायद्याने उगारलेला हात धरावा. थिरकणारा पाय धरणे सोपे असते, एवढेच.

ती मुलगी परत आली नाही. हजेरीपटावरचे तिचे नाव मी माझ्याच हाताने खोडले.