कुंकू : शब्द, द्रव्य आणि त्वचा

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यायोगे एका नावाचा विशिष्ट भूमीशी आणि द्रव्याशी असलेला संबंध कायद्याने निश्चित झाला. हळदीपासूनच परंपरेने सिद्ध होणाऱ्या कुंकवाच्या बाबतीत मात्र नाव व द्रव्य यांचा संबंध उत्तरोत्तर शिथिल होत गेला आहे.

संस्कृतातील ‘कुंकुम’ म्हणजे केशर. मराठी ‘कुंकू’ हे त्याचेच रूप; परंतु त्याचा अर्थ हळदीच्या तांबड्या चूर्णाकडे वळला. हळकुंडांवर लिंबाचा रस व टाकणखार यांचा संस्कार केला असता हळदीतील कर्क्युमिन आणि टाकणखारातील बोरॉन यांच्या संयोगाने तांबडा रंग येतो. पुढे स्वस्त कृत्रिम रंग उपलब्ध झाले आणि त्यांनी रंगविलेल्या भुकटीसही तेच नाव मिळाले. अखेर चिकटविण्याची टिकली आली व कुंकवाचे स्थान तिने घेतले. शब्द आणि आचार तेच राहिले. त्वचेची गाठ मात्र दर वेळी नव्या द्रव्याशी पडली.

यातून संभवणारे विकार मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. सूदान-१ यासारख्या अ‍ॅझो रंगांमुळे काहींच्या त्वचेस खाज व दाह होऊन पुढे ती जागा काळवंडते. क्वचित हळदही अशी प्रतिक्रिया घडविते. तेव्हा केवळ ‘नैसर्गिक’ या विशेषणाने निर्धास्त होणे योग्य नव्हे. दुसरा विकार टिकलीच्या चिकटद्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉलमुळे होतो. ज्या टायरोसिनपासून त्वचेतील रंगद्रव्य बनते, त्याच्या रचनेशी या फिनॉलचे साम्य असते. त्यामुळे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींवरच आघात होऊन कपाळावर पांढरा डाग उमटतो. पुष्कळदा आधी खाजदेखील होत नाही.

येथे नामकरणाचा दुसरा दोष उद्भवतो. अशा डागास लोक ‘कोड’ म्हणतात. हा शब्द ‘कुष्ठ’ या शब्दापासून आलेला असल्याने नावाबरोबर जुने भयही येते आणि मुलीच्या विवाहापर्यंत त्याची झळ पोहोचते. वस्तुतः हा डाग संसर्गजन्य नाही. कारण ओळखून टिकली वेळीच बंद केल्यास काहींच्या त्वचेत रंग परततो; काहींत तो परतत नाही. उलट, डाग झाकण्यासाठी तीच टिकली अधिक मोठ्या आकाराची लावल्यास अपाय वाढण्याचा संभव असतो.

अ‍ॅलर्जीचे कारण निश्चित करण्यासाठी योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली पट्टी-चाचणी आजही आधारभूत आहे. संशयित द्रव्ये पाठीवर अठ्ठेचाळीस तास बांधून नंतर त्वचेचे निरीक्षण केले जाते. परंतु कोणती द्रव्ये तपासावयाची, हे रुग्णाच्या उत्तरावरून ठरते. म्हणून ‘कुंकू लावता काय?’ हा प्रश्न अपुरा होय. ते चूर्ण, द्रव की टिकली, सुटे घेतलेले की वेष्टनातील, हेही विचारणे अगत्याचे आहे. वेष्टनावर घटकांची नोंद सापडू शकते. सुट्या चूर्णाच्या पुडीवर केवळ ‘कुंकू’ हा शब्द असतो, आणि त्या एका शब्दावरून आतील द्रव्याचा बोध होत नाही.