कडब्याचा रकाना

परिषदेचं निमंत्रण आलं की विभागातले बाकीचे आधी विषय बघतात, मी गाव बघते. ही आवड कॉलेजात उघड करून चालत नाही. कर्तव्य रजेच्या अर्जात 'ज्ञानवृद्धी' लिहावं लागतं, परतल्यावर हजेरीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते पदोन्नतीच्या फाइलमध्ये गेलं की काम झालं. त्यामुळे परिषदांना जाणाऱ्या बहुतेकांना गाव दिसतं ते स्टेशनपासून गेस्ट हाउसपर्यंत, तेही रात्री, गाडीच्या काचेतून. परिषद पणजीला किंवा उदयपूरला असली तर गोष्ट वेगळी. तिथे दुसऱ्या दिवशी अर्धं सभागृह रिकामं असतं. परभणीला मात्र सगळे शेवटपर्यंत बसून राहतात, कारण इथे बघायला काही नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं.

परभणीला निघाले म्हटल्यावर ठाण्यात जो तो 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ऐकवत होता. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे देवगिरी एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी पुरवलं. ते परभणीचेच होते, म्हणून त्यांना तो हक्क होता.

परिषद भरडधान्यांवर होती, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात. इथलं कृषी महाविद्यालय 1956 चं. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. विद्यापीठ 18 मे 1972 ला झालं आणि 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. ज्वारीवर काम करणाऱ्याला ही जागा नवी नसते, कारण इथल्या वाणांची नावं आपण आधीच शेकडो वेळा लिहिलेली असतात: परभणी मोती, परभणी शक्ती, हुरड्यासाठीचा परभणी वसंत. यातला परभणी शक्ती 2018 मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या साथीनं आला आणि त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. ज्वारीशी संबंध नसलेल्यांनीही या विद्यापीठाचं काम खाल्लेलं असतं. परभणी क्रांती ही भेंडी इथलीच. पुसा सावनी आणि एका रानभेंडीच्या संकरातून ती निघाली, पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्याला दाद न देणारी.

माझं पोस्टर ज्वारीच्या पानावरच्या लवेबद्दल होतं. खोडमाशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडी घालते, अळी पोंग्यात शिरून वाढता कोंब कापते आणि रोपाचा पोंगा मरतो. पान चकचकीत असेल, त्यावर बारीक लव दाट असेल, तर माशी तिथे सहसा टेकत नाही आणि अळीलाही पुढे सरकणं अवघड जातं. आमच्याकडे हे सगळं कुंड्यांमध्ये, गच्चीवर. कुंडीतली ज्वारी गुडघ्याच्या वर गेली की आमचं काम संपतं. कणसापर्यंत आम्ही थांबत नाही.

पहिली सकाळ ठरलेल्या वळणानं गेली. ज्यूटची पिशवी, सारांशांचं पुस्तक, पाहुण्यांची वाट बघणं, दीपप्रज्वलन, हाराऐवजी रोप, मग बीजभाषण. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी ज्वार संशोधन केंद्राच्या प्लॉटवर नेलं. मला वाटतं, परिषदेत खरं शिकायला मिळतं ते अशा वेळी, पण कार्यक्रमपत्रिकेत तिला 'प्रक्षेत्र भेट' म्हणून चहाच्या आधीची उरलीसुरली जागा मिळते. जानेवारी असल्यामुळे लवकर पेरलेली ज्वारी हुरड्यात होती आणि उशिराच्या वाफ्यांत नुकता फुलोरा सुरू झाला होता. कणसांवर खाकी कागदाच्या पिशव्या. बाकीचे फोटो काढून पुढे गेले. मी एका बाईंपाशी थांबले. त्या स्टुलावर बसून कणीस डाव्या हातात वाकवून धरायच्या आणि उजव्या हातातल्या सुईनं नर काढायच्या. ज्वारीचं फूल केवढं, तर तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याच्या आत तीन पुंकेसर. सुई तुसाखाली घालायची, तिन्ही एका झटक्यात बाहेर घ्यायचे आणि स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. एखादा पुंकेसर फुटला तर ते फूल कापून टाकायचं, हातावर पराग राहिला तर हात पुसायचे. कणीस वरून खाली फुलत येतं, म्हणून वरचं उमललेलं आधीच छाटलेलं असतं, खालचं कोवळंही छाटलेलं. मधला पट्टा तेवढा राखायचा. हे काम दुपारचं. मग पिशवी चढवायची आणि पुढच्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून त्यावर झटकायचा.

"नजर किती दिवस पुरेल?" मी विचारलं.

"नजरेचं काय नाही मॅडम, कंबर लागते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी सर लोकांसारखंच पेपर वाचायला आल्यात का?"

पोस्टर लावायला आले, म्हटलं. पोस्टर म्हणजे काय, हे मी सांगू लागले, तेवढ्यात त्यांचं कणीस संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गावात निघाले. अनोळखी शहर बघायची माझी पद्धत साधी आहे. देवळं, दर्गे, बागा नंतर. आधी परिषदेच्या विषयाचा माल गावात जिथे विकला जातो तिथे जायचं. मत्स्यशास्त्राची परिषद असेल तर बंदर, सुताची असेल तर माग. थंडी बोचरी होती, शेकोटीभोवती कानटोप्या. ऑटोवाल्यानं आधी सुशीला खायला लावली. चुरमुऱ्यांचा हा फोडणीचा प्रकार मराठवाड्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. मग त्यानं मोंढ्यात सोडलं.

मोंढ्यात सोयाबीनचे ढीग होते, नवी तूर येऊ लागली होती. हमाल पोती उतरवत होते, मापाडी काट्यापाशी. ज्वारी शोधावी लागली. एका आडतीत कोपऱ्यात मोजकी पोती दिसली, तीही गेल्या हंगामातली. नवी यायला अवकाश होता हे खरं. पण आडत्यानं सांगितलं की हंगामातही आता पूर्वीसारखी येत नाही. जी पिकते ती घरच्या भाकरीला राहते, उरली तर इथे.

मग लोक पेरतात कशाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तूर घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं दिलं. गाव पाथरीकडचं. "कडब्यासाठी पेरायलोत मॅडम. दाणा कमी पडला तर दुकान आहे. कडबा कुठून आणू?"

त्याच्याकडे म्हशी होत्या, बैलजोडीही अजून ठेवलेली. मजूर मिळत नाही हे त्याचं गाऱ्हाणं. सोयाबीनवर यंत्र फिरवता येतं, तासाभरात रान मोकळं. ज्वारी मात्र हातानंच काढायची, कणसं मोडायची, ताटं वाळवायची, पेंढ्या बांधायच्या. यंत्र घातलं तर दाणा हाती येईल, पण कडब्याचा भुगा होऊन जाईल. म्हणजे ज्या कारणासाठी पेरली तेच वाया. त्याच्या पट्ट्यात पेरा कमी होतोय तो भाव पडल्यानं नाही, काढणीला माणूस नसल्यानं, असं त्याचं म्हणणं. कालच्या बीजभाषणात ज्वारी कमी होण्याची कारणं सांगताना बदलता आहार आणि रेशनचा गहू आला होता. हे कारण आलं नव्हतं.

कडब्याच्या गाड्या रस्त्याकडेला उभ्या होत्या. भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांना. पेंढी केवढी, याचं ठरलेलं माप नाही. बांधणाऱ्याच्या कवेवर अवलंबून. गिऱ्हाईक पेंढी उचलून बघतं, ताट मोडून आत वास घेतं, पाला शाबूत आहे का ते पाहतं. जुना, पावसात भिजलेला कडबा काळपट पडतो आणि जनावर तोंड लावत नाही. नवा कडबा फेब्रुवारीअखेर, मार्चमध्ये येणार. मालदांडीसारखी उंच ज्वारी नव्वद वर्षं शेतातून हलली नाही ती का, हे मला तिथे नीट पटलं. ती सोलापुराकडच्या मोहोळला निवडलेली. तिच्याहून जास्त दाणा देणारे वाण पुढे आले, पण उंची आणि गोडसर ताट सगळ्यांकडे नव्हतं.

बाकीचं शहर मी त्याच दिवशी तुकड्यातुकड्यानं पाहिलं. सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा, जिथे फेब्रुवारीच्या उरुसाची बोलणी सुरू झाली होती. गुजरी बाजार, नानलपेठ. बी. रघुनाथांच्या नावाचं सभागृह. 1913 ला सातोन्यात जन्मलेला हा कवी-कादंबरीकार इथे सरकारी कारकुनी करत लिहीत राहिला आणि 1953 मध्ये चाळिशीतच गेला. 1995 ला याच गावात नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं होतं. गंगाखेडला जनाबाईंच्या गावी जायचं, पुढे धारासूरचं गोदाकाठचं गुप्तेश्वराचं देऊळ बघायचं मनात होतं. परळीच्या गाडीनं गंगाखेड तासाभराच्या आतबाहेर. पण माझं पोस्टर दुपारच्या सत्रात होतं आणि पोस्टरपाशी उभं राहायला मला आवडतं.

सत्रात एका तरुण संशोधकानं नव्या वाणांचा तक्ता दाखवला. हेक्टरी दाणा, फुलोऱ्याचे दिवस, खोडमाशीचं प्रमाण, दाण्याचा आकार. शेवटचा रकाना स्लाइडच्या कडेला अर्धा कापला गेला होता. मी हात वर करून विचारलं, "तो कडब्याचा आहे का?"

"हो मॅडम. वेळ कमी होता म्हणून..."

"मोंढ्यात तोच पहिला विचारतात."

सभागृहात थोडं हसू झालं. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ पैदासकारांनी मात्र तो तक्ता पुन्हा लावायला सांगितला आणि रकाने सरकवून कडब्याचे आकडे वाचून दाखवले. दाण्यात दुसरा असलेला वाण कडब्यात बराच पुढे होता. "निवड करताना आम्ही दोन्ही बघतो," ते म्हणाले, "सांगताना एकच सांगतो."

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं आणि कडबा मोजतात कसा ते विचारलं. काढणीच्या दिवशी हिरव्या ताटांचं वजन, मग वाळल्यावर पुन्हा वजन, काही नमुने भट्टीत सुकवून ओलावा काढायचा. शेकड्याचा हिशोब इथल्या वहीत बसत नाही, पण शेतकरी मेळाव्यात ते पेंढ्यांतच बोलतात, नाहीतर कुणी ऐकत नाही. लवेच्या माझ्या कामावर त्यांचा प्रश्न सरळ होता: लव दाट असलेल्या ज्वारीचा कडबा जनावरं आवडीनं खातात का? आमच्याकडे त्याचं उत्तर नाही. कुंडीतल्या रोपाला कडबाच होत नाही.

"फेब्रुवारीअखेर या," ते म्हणाले. "काढणी असते. वजन करायला माणसं कमीच पडतात आम्हाला. गोठाही जवळ आहे, खाऊ घालून बघू."

येते म्हटलं. तेव्हा परिषद नसणार, म्हणजे प्रमाणपत्र नाही, म्हणजे कर्तव्य रजाही नाही. किरकोळ रजा किती उरल्यात ते बघायला हवं.