आंब्याच्या पिकअपवरील जादा दिवे व त्यांची निर्धोक जोडणी

चैत्र-वैशाखात सिंधुदुर्गातील बागायतदाराचे अर्धे काम रात्री होते. हापूस भर उन्हात हाताळणे फळास मानवत नाही; म्हणून तोडणी सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात करावयाची, सायंकाळी फळे निवडून पेट्या भरावयाच्या आणि दिवेलागणीनंतर त्या पिकअपमध्ये चढवावयाच्या, असा क्रम देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक ठिकाणी चालतो. ओरोसच्या आसपासच्या वाड्यांतून निघालेली गाडी पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोहोचावी, किंवा फोंडा अगर करूळ घाटाने कोल्हापुरास जावी, अशी प्रत्येकाची धडपड असते. अशा वेळी हौद्यात पुरेसा उजेड नसला तर पेटी निसटते, फळ दबते, आणि दबलेल्या एका फळाने सारी पेटी उतरते. यास्तव पिकअपवर जादा दिवे बसविण्याची रीत अलीकडे पुष्कळ वाढली आहे. रीत चांगली आहे. परंतु जोडणी ज्या प्रकारे केली जाते, तीविषयी आम्हांस चार शब्द लिहिणे अवश्य वाटते.

पूर्वीचे हॅलोजनचे दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे असत. असे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावल्यास ११० भागिले १२, म्हणजे ९ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. इंजिन बंद ठेवून चार तास माल भरला, तर बॅटरीतून सुमारे ३७ अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली, तर निम्म्याहून अधिक शक्ती संपते आणि मध्यरात्री गाडी ढकलण्याचा प्रसंग येतो. एलईडी दिव्यांनी ही अडचण बव्हंशी दूर केली आहे. निळा प्रकाश देणारा एलईडी साध्य झाल्यामुळेच पांढऱ्या प्रकाशाचे हे दिवे शक्य झाले, आणि त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येकी १८ वॅटचे दोन एलईडी दिवे केवळ ३ अँपिअर घेतात. चार तासांत १२ अँपिअर-तास, म्हणजे त्याच बॅटरीचा पाचवा हिस्सा. हौद्याच्या कामास इतका उजेड पुरे होतो.

आता चूक कोठे होते ते पाहू. दिवा मागे बसवावयाचा, व जवळच मागील लाल दिव्याची तार दिसते. तेव्हा तिची साल काढून नवी तार तिला पिळा देऊन बांधतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. दिवा लागतो, मालकही संतुष्ट होतो. परंतु मूळची तार व तिचा फ्यूज हे मूळच्या दिव्यांपुरतेच योजलेले असतात. अधिक भार पडून तो फ्यूज जळाला, तर मागील लाल दिवेही विझतात. आणि घाटाच्या वळणावर, धुक्यात, भरलेली पिकअप मागून येणाऱ्या ट्रकास दिसेनाशी होते. कित्येक जण जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतात. मग फ्यूज जळत नाही, तार जळते. आणि तारेशेजारी पेट्यांतील भात्याण असते. कोरडे भात्याण पेट घेण्यास किती वेळ लागतो, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको.

ह्यासाठी फ्यूजचे तत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. तार कोठे घासून उघडी पडली व गाडीच्या लोखंडास टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच असावा. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज मधल्या साऱ्या तारेस काहीच संरक्षण देत नाही. वर सांगितलेल्या ३ अँपिअरच्या भारास ५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. धन टोकापासून फ्यूजमार्गे १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास न्यावी. ८७ क्रमांकाच्या टोकापासून तशीच तार दिव्यांकडे न्यावी. ८६ क्रमांकास चालकाजवळील स्विचमधून आलेली बारीक तार जोडावी व ८५ क्रमांक गाडीच्या सांगाड्यास जोडावा. त्या स्विचला येणारा प्रवाहही लहान फ्यूजमधूनच घ्यावा. केवळ ३ अँपिअरसाठी उत्तम प्रतीचा स्विच एकटाही पुरतो, हे खरे. परंतु आज दोन दिवे लावणारा पुढील हंगामात चार लावतो, हा अनुभव असल्यामुळे रिले आरंभीच बसविणे शहाणपणाचे. दिवे वाढविल्यास फ्यूजचा आकडाही पुन्हा हिशेबाने ठरवावा. दिव्याची ऋण तारही तितक्याच जाडीची असावी, आणि सांगाड्यावरील रंग खरवडून स्वच्छ धातूवर बोल्टने घट्ट आवळावी. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी बूच घालावे. तारेवर सर्वत्र नळीचे आवरण असावे, कारण उंदीर जसे कणगीस तसेच तारेसही सोडीत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. पिळलेले सांधे दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. सांधा थिंबल दाबून करावा, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि उघड्या टोकांस पेट्रोलियम जेली लावावी. दिवा आयपी ६७ दर्जाचा घ्यावा. त्याचा अर्थ, धूळ आत शिरत नाही व एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही दिव्यात पाणी जात नाही.

शेवटी समोरच्या दिव्यांविषयी. टपावर प्रखर दिवे लावून घाट चढणे हे काहींस शौर्य वाटते. परंतु समोरच्या चालकाचे डोळे दिपले तर त्याची गाडी आपल्यावरच येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे पुढे झोत टाकणारा शोधदिवा पूर्वपरवानगीवाचून बाळगता येत नाही. धुक्यात प्रखर झोत उलट आपल्याच डोळ्यांवर परततो; तेथे खाली बसविलेले, रुंद व आखूड प्रकाशाचे, मान्यताचिन्ह असलेले धुक्याचे दिवेच उपयोगी पडतात. हौद्यावरील दिवेही माल भरण्यापुरतेच होत. मागे पांढरा उजेड सोडीत गाडी हाकू नये, आणि विसर पडू नये म्हणून चालू असता लाल ठिपका दाखविणारा स्विच घ्यावा.

हंगामाच्या आरंभी झेले, पेट्या व दोऱ्या आपण तपासतोच. त्याच दिवशी गाडीच्या तारेवरून एकदा हात फिरवावा. दिवे अर्धा तास लावून ठेवून, मग ते विझवून, प्रत्येक सांधा बोटाने चाचपावा. जो सांधा गरम लागेल तो नव्याने करावा. चहाच्या पेल्याच्या किमतीचा एक जादा फ्यूज गाडीत ठेवावा. आणि तोही लागलाच जळाला, तर तिसरा न घालता जाणत्या कारागिराकडून दोष शोधून घ्यावा.