दात सरळ करण्याचे उपचार : यांत्रिक दाब आणि दाताभोवतालच्या पेशींचा प्रतिसाद

प्रस्तावना :
वेडेवाकडे अथवा पुढे आलेले दात तारा लावून सरळ करण्याचा उपचार आता ग्रामीण भागातही अपरिचित राहिलेला नाही. मात्र तिवसा तालुक्यातील, वर्धेकाठच्या कौंडण्यपूरसारख्या गावातील विद्यार्थ्याला त्यासाठी अमरावती गाठावी लागते. विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय तेथे आहे. जवळपास दरमहा एक फेरी आणि तीही दीड-दोन वर्षे. अशा वेळी ‘तार एकदाच घट्ट आवळून काम का उरकत नाहीत?’ हा पालकांचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर तारेत नसून पेशींमध्ये आहे.

पेशींचा प्रतिसाद :
दात हा जबड्यात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय थर असतो. त्यास परिदंत बंध म्हणतात. तंतुजनक पेशी, रक्तकेशिका व चेतातंतू यांनी तो भरलेला असतो. कृत्रिम दंतरोपणाभोवती हा थर नसतो आणि म्हणूनच रोपण केलेला दात तारेने सरकत नाही. दात सरकतो तो या थरामुळेच.

तारेचा दाब पडताच एका बाजूस हा थर चेपला जातो व दुसऱ्या बाजूस ताणला जातो. आकार बदललेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन यांसारखी रसायने स्रवतात. चेपलेल्या बाजूस ‘रँक-एल’ या प्रथिनाचे प्रमाण वाढून साधारण दोन दिवसांत अस्थिभक्षक पेशी तयार होतात आणि हाड झिजवू लागतात. ताणलेल्या बाजूस अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात.

दाब अधिक झाल्यास मात्र उलटेच घडते. रक्तकेशिका मिटतात, पेशी मरतात आणि तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा, पेशीविरहित दिसतो. कुत्र्यांवरील प्रयोगांत सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये हे नोंदविले. श्वार्झ यांनी १९३२ मध्ये दाबाची मर्यादा केशिकांतील रक्तदाबाएवढी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, सुचविली. हा आकडा आज काटेकोर मानला जात नाही. त्यामागील विचार मात्र टिकून आहे. मृत भागात अस्थिभक्षक पेशी उगवू शकत नाहीत. त्या मागील निरोगी हाडातून पोखरत येतात. तोवर दात दोन-तीन आठवडे, क्वचित अधिक काळ, जागचा हलत नाही. शिवाय मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणजेच घाईने आवळलेली तार उपचार लांबवते.

सौम्य दाबाखाली दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दोन भेटींमधील चार-सहा आठवडे हे इजा झालेल्या ऊतींच्या दुरुस्तीचे असतात. दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सतत घेतल्यास प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटून दाताची गती मंदावू शकते; त्यामुळे गोळी दंतवैद्यांना विचारूनच घ्यावी.

तारा निघाल्यानंतरही काम संपत नाही. हाड तुलनेने लवकर भरते, परंतु हिरडीजवळचे लवचिक तंतू कित्येक महिने जुन्या जागेकडे ओढ घेत राहतात. दात जागीच राहावेत यासाठी दिलेली रिटेनर पट्टी पेटीत ठेवून दिल्यास ते हळूहळू मागे फिरतात.