औषधनिर्माणशास्त्राची पदवी : प्रवेशाची तयारी आणि अभ्यासाची तयारी
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

बारावीचा निकाल लागला की कराड, सातारा, विटा, तासगाव, सांगली या परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना पालकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : फार्मसीला किती गुण लागतात? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो अर्धाच आहे. प्रवेशास लागणारे गुण आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम पार पाडण्यास लागणारी तयारी या दोन निरनिराळ्या गोष्टी असून, गेल्या काही वर्षांत त्यांतील अंतर वाढत गेले आहे. प्रवेश पूर्वीपेक्षा सुलभ झाला. अभ्यासक्रम मात्र सुलभ झालेला नाही. विद्यार्थ्यास अकरावीपासून सल्ला देणाऱ्या प्राध्यापकवर्गास हे अंतर नेमके कोठे पडते हे माहीत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पदवीचे स्वरूप

औषधनिर्माणशास्त्र ही केवळ विज्ञानाची एक शाखा नव्हे, तर कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. भारतात या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया महादेव लाल श्रॉफ यांनी १९३० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात घातला. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने व्यवसायास कायद्याचे अधिष्ठान दिले आणि पुढील वर्षी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था अस्तित्वात आली. या अधिनियमाच्या कलम १० अन्वये शिक्षणविषयक विनियम केले जातात आणि कलम १२ अन्वये अभ्यासक्रमास व परीक्षेस मान्यता दिली जाते. मान्यता नसलेल्या संस्थेतून मिळविलेली पदवी भिंतीवर लावता येईल, पण तिच्या आधारे राज्याच्या नोंदवहीत औषधव्यावसायिक म्हणून नाव नोंदविता येणार नाही. हा मुद्दा पालकांना सांगितला जात नाही, म्हणून येथे प्रथम नोंदविला आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद व फार्मसी कौन्सिल यांपैकी या शिक्षणावर अधिकार कोणाचा, हा वाद दीर्घकाळ चालला. विदर्भातील एका संस्थेशी संबंधित प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फार्मसी कौन्सिलच्या बाजूने निकाली काढला. त्याआधी २०१९ मध्ये कौन्सिलने नवीन महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती घातली होती. असा निर्बंध केवळ प्रशासकीय ठरावाने घालता येत नाही, असे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर राज्यात नव्या महाविद्यालयांची जी रीघ लागली तिचा परिणाम दोन्ही जिल्ह्यांत दिसतो. कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय हे राज्यातील मोजक्या शासकीय संस्थांपैकी एक. त्याच्या जोडीला सांगलीचे आप्पासाहेब बिरनाळे महाविद्यालय, कासेगावचे राजारामबापू महाविद्यालय, आष्ट्याचे अण्णासाहेब डांगे महाविद्यालय, सातारा परिसरातील खासगी महाविद्यालये अशी परंपरा होतीच. आता जागा अधिक आणि काही ठिकाणी विद्यार्थी कमी, अशी स्थिती आहे. प्रवेश मिळणे ही पूर्वीसारखी चाळणी राहिलेली नाही.

प्रवेशाची रीत

पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय अनिवार्य असून गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. राज्याच्या नियमानुसार किमान ४५ टक्के, आणि राज्यातील मागास व आर्थिक दुर्बल घटक तसेच दिव्यांग उमेदवारांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे होणाऱ्या एमएचटी-सीईटीच्या आधारे, केंद्रीभूत प्रक्रियेतून दिले जातात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, तर जीवशास्त्राचे १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. एकूण गुण दोन्ही गटांत २००. सुमारे पंचमांश भार अकरावीच्या निवडक घटकांवर असतो. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत.

निकाल गुणांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच असते. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या गटात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने प्रश्नपत्रिकांच्या काठिण्याचा फरक या पद्धतीने समतोल केला जातो. ज्याने गणित व जीवशास्त्र या दोन्ही गटांची परीक्षा दिली आहे, त्याचे दोहोंपैकी सरस पर्सेंटाइल फार्मसीच्या गुणवत्ता यादीसाठी धरले जाते. पदविकेस मात्र सीईटी लागत नाही. तेथे बारावीचे गुण पुरतात.

अंतर कोठे पडते

पहिले अंतर परीक्षेच्या पद्धतीत आहे. सीईटीची तयारी म्हणजे पर्यायांतून उत्तर ओळखण्याची तयारी. पदवीच्या सत्रान्त परीक्षेत बहुतेक मुख्य विषयांस ७५ गुणांची लेखी परीक्षा आणि २५ गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. ७५ पैकी जास्तीत जास्त २० गुण बहुपर्यायी किंवा अतिलघु प्रश्नांचे. उरलेले ५५ गुण दीर्घ व लघु उत्तरांचे, म्हणजे स्वतःच्या शब्दांत सलग लिहिण्याचे. उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण लागतात, तेही लेखी व प्रात्यक्षिक यांत स्वतंत्रपणे. बारावीला ३५ टक्क्यांवर उत्तीर्ण होण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्यास हा फरक पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत जाणवत नाही. शिवाय प्रत्येक विषयात लेखी तासांस व प्रात्यक्षिकांस प्रत्येकी ८० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. घरी बसून किंवा शिकवणीच्या भरवशावर निभावून नेण्याचा हा अभ्यासक्रम नाही.

दुसरे अंतर अधिक खोल आहे आणि त्याची सुरुवात अकरावीच्या प्रवेशअर्जावर होते. ग्रामीण भागात, विशेषतः ज्यांचे लक्ष वैद्यकीय प्रवेशाकडे असते, असे अनेक विद्यार्थी गणित सोडून देतात. वैद्यकीय प्रवेश हुकला की ते फार्मसीकडे वळतात. नियमाने त्यांना मज्जाव नाही. परंतु पहिल्या सत्रात त्यांच्यापुढे उपचारात्मक गणित हा विषय येतो, आणि गणित घेऊन आलेल्यांपुढे उपचारात्मक जीवशास्त्र. या गणितास एकूण ३० तास दिले आहेत. त्या ३० तासांत लॉगॅरिथम, आंशिक अपूर्णांक, फलन व सीमा, मॅट्रिक्स आणि निश्चयक, विकलन, भूमिती, संकलन, डिफरन्शियल समीकरणे आणि शेवटी लाप्लास रूपांतर एवढे सारे शिकवायचे असते. ज्यास गणिताच्या प्राध्यापकांनी दोन वर्षे दिली असती, ते एका सत्रात आठवड्याला दोन तासांत. आणि या विषयाची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, महाविद्यालयच घेते. साहजिकच विद्यार्थी तो विषय उरकून टाकतात.

त्याचे मोल पुढे चुकवावे लागते. चौथ्या सत्रात औषधाच्या टिकाऊपणाचा अभ्यास येतो, सहाव्या सत्रात शरीरातील औषधाच्या गतीचा. रक्तातील औषधाचे प्रमाण ठरावीक काळात निम्मे होते, त्या काळास अर्धायुकाल म्हणतात. एखाद्या औषधाचा अर्धायुकाल सहा तास असेल, तर चोवीस तासांनी मूळ मात्रेचा सोळावा भाग, म्हणजे सव्वासहा टक्के शिल्लक राहतो. एवढे तोंडी सांगता येते. पण दहा तासांनी किती उरेल, हे विचारताच लॉगॅरिथम लागतो. दुसरी मात्रा केव्हा द्यावी, मूत्रपिंड दुर्बल असलेल्या रुग्णास ती किती कमी करावी, ही उत्तरे याच आकडेमोडीवर उभी आहेत. येथे गणित हा गुणांचा विषय राहत नाही. चूक रुग्णाच्या शरीरात उतरते.

साध्या अंकगणिताचीही तीच गत आहे. पहिल्याच सत्रात मिश्रणाचे प्रमाण काढण्याची पद्धत शिकविली जाते. ९० टक्के व ४० टक्के तीव्रतेच्या मद्यार्कापासून ६० टक्क्यांचा मद्यार्क करावयाचा आहे : ६० मधून ४० वजा केल्यास २०, हे ९० टक्क्यांच्या द्रवाचे भाग, ९० मधून ६० वजा केल्यास ३०, हे ४० टक्क्यांच्या द्रवाचे भाग, म्हणजे प्रमाण २ : ३. जुन्या पिढीतील सराफ आणि दूधसंस्थेचे कारकून ही कृती मनात करीत. संगणकावर सीईटी देऊन आलेल्या विद्यार्थ्यास ती कागदावर जमण्यास आठवडा लागतो, हे मान्य केलेले बरे.

उलट बाजूचे विद्यार्थीही अडचणीतून सुटत नाहीत. गणित घेऊन आलेल्या मुलास पहिल्याच सत्रात मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र आणि त्याच वेळी उपचारात्मक जीवशास्त्र असे दोन्ही विषय शिकावे लागतात. पाया आणि इमारत यांचे काम एकाच वेळी चालू असते. तथापि जीवशास्त्र वाचून भरून काढता येते. गणित केवळ वाचून येत नाही. म्हणून फार्मसीचा किंचितही विचार असलेल्या विद्यार्थ्यास अकरावीला दोन्ही विषय ठेवण्याचा सल्ला देणे इष्ट ठरते.

भाषेचा प्रश्न

पदवीचे माध्यम इंग्रजी आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतून येणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांची दहावी मराठीतून झालेली असते. अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून असले, तरी वर्गातील स्पष्टीकरण मराठीतून आणि परीक्षा बहुपर्यायी, यामुळे इंग्रजीत सलग परिच्छेद लिहिण्याची वेळ येतच नाही. अभ्यासक्रमात संवादकौशल्य हा विषय आहे, पण त्याचाही भार उपचारात्मक विषयांसारखाच हलका. विद्यार्थी मग उत्तरे पाठ करतो, आणि प्रश्नाची शब्दरचना बदलली की अडखळतो.

मराठीतून समजावून घेणे हा यावरचा अडथळा नसून उपाय आहे. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत उभे राहिले, त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्यास मराठीत शास्त्रीय लेखन उपलब्ध आहे, हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. संकल्पना मराठीत पक्की करून नंतर इंग्रजीत मांडणारा विद्यार्थी पाठांतर करणाऱ्यापेक्षा पुढे जातो. समुपदेशनाच्या वेळी रुग्णाशी त्यास बोलावयाचे आहे तेही मराठीतच.

परिसर हीच प्रयोगशाळा

या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांकडे एक भांडवल मात्र आहे, ज्याचा उपयोग अध्यापनात क्वचितच केला जातो. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वनौषधिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हळदीची पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की स्टार्चचे सुटे, रेखीव कण दिसत नाहीत, तर पिवळे, लगदा झालेले पुंज दिसतात. पुस्तक म्हणते, स्टार्च जिलेटिनीकृत आहे. का, हे पाठ्यपुस्तकापेक्षा हळद उत्पादकाचा मुलगा चांगले सांगू शकेल; काढणीनंतर हळकुंडे शिजवून मग वाळवितात, हे त्याने शेतावर पाहिलेले असते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, ही घरातली गोष्ट म्हणजे अल्कलीची कसोटीच होय.

साखरेचेही तसेच आहे. औषधी पाकात वजनाने ६६.७ टक्के साखर असते. एवढ्या घट्ट पाकात सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी उरत नाही, म्हणून तो सहसा आंबत नाही. पातळ झाला की आंबतो. मुरंबा का टिकतो याचे उत्तरही हेच. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून वनस्पतींचे अर्क, ही साखळी कृष्णाकाठच्या विद्यार्थ्यास दाखविण्यासाठी चित्राची गरज नाही. सातव्या सत्रापूर्वी १५० तासांचे औद्योगिक प्रशिक्षण आवश्यक असते. ते केवळ प्रमाणपत्रापुरते न राहण्यासाठी असा पाया उपयोगी पडतो.

शुल्क आणि कागदपत्रे

प्रवेशाच्या वेळी होणारे सर्वांत मोठे नुकसान बहुधा गुणांमुळे नव्हे, तर कागदपत्रांमुळे होते. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत लागू झाली. मात्र ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. घराजवळचे महाविद्यालय मिळावे म्हणून घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा स्वीकारणाऱ्या कुटुंबाची सवलत हातची जाते, आणि हे बहुधा पावती फाडल्यावर कळते. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास आणि उत्पन्न यांचे दाखले बारावीच्या दिवाळीपर्यंत हाती आलेले असावेत. जूनमध्ये तहसील कार्यालयापुढे रांग लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

ज्यांना पदवीचा प्रवेश मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी दोन वर्षांची पदविका आणि तिच्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश हा मार्ग आहे. २०२२ च्या विनियमांनी पदविकेनंतर नोंदणीपूर्वी निर्गमन परीक्षेची तरतूद केली आहे, ही बाब पालकांच्या लक्षात आणून द्यावी. या मार्गाने येणारा विद्यार्थी पहिल्या वर्षाचे उपचारात्मक गणित ओलांडून थेट तिसऱ्या सत्रात बसतो. त्यामुळे बारावीला गणित सोडलेला पदविकाधारक हा वर्गातील सर्वांत दुर्लक्षित विद्यार्थी ठरतो : त्याच्यासाठी वेळापत्रकात ते तीस तासही नसतात. सीईटी आणि पहिले सत्र यांच्यामधील मोकळ्या आठवड्यांत परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या गणित विभागांनी लॉगॅरिथम, गुणोत्तर-प्रमाण आणि आलेखवाचन एवढ्यापुरता एखादा छोटा वर्ग चालविल्यास त्याचा सर्वाधिक लाभ याच विद्यार्थ्यास होईल. त्यासाठी नवी मान्यता लागत नाही, निधीही फारसा लागत नाही.