बायसेप्स, कप्तान आणि धाकटा

पुल-अप्सच्या बारवरून उतरताना मी आमच्या पीटी उस्तादांना म्हणालो, “सर, माझा उजवा बायसेप दुखतोय.” उस्ताद म्हणाले, “बायसेप नाही, बायसेप्स. दंड एकच असला तरी बायसेप्सच. का ते उद्या सांग, नाहीतर दहा पुल-अप्स जास्त.”

दहा पुल-अप्स वाचवण्यासाठी मी त्या संध्याकाळी वाचनालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडला. उत्तर पाच मिनिटांत मिळाले. पण त्या शब्दाचे बोट धरून मी जो निघालो, तो थेट माझ्या घरापर्यंत जाऊन पोहोचलो. तोच प्रवास मराठी पानाच्या वाचकांना सांगतो.

लॅटिन भाषेत ‘कापुत’ म्हणजे डोके. त्याच्यामागे दोन या अर्थाचा ‘बि’ लावला की ‘बिसेप्स’, म्हणजे दोन डोक्यांचा. दंडातला हा स्नायू वरच्या बाजूला खांद्याच्या फऱ्याच्या हाडाला दोन ठिकाणी जोडलेला असतो. या वरच्या टोकांना शरीरशास्त्रात ‘डोकी’ म्हणतात. मराठीत त्याला द्विशिरस्क स्नायू म्हणतात, तेही याच अर्थाने. दंडामागचा ट्रायसेप्स तीन डोक्यांचा आणि मांडीतला क्वाड्रिसेप्स चार डोक्यांचा. म्हणजे शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही, तो मूळ शब्दातलाच आहे. तो अनेकवचनाचा समजून ‘बायसेप’ हे एकवचन खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनीच तयार केले. त्यामुळे माझी चूक फार मोठी नव्हती, पण हे मी उस्तादांना सांगितले नाही.

आता हे ‘कापुत’ पुढे कुठे कुठे गेले ते पाहू. फ्रेंच भाषा लॅटिनमधूनच घडली. ती घडताना शब्दाच्या सुरुवातीच्या ‘का’चा उच्चार बदलून ‘च’सारखा झाला. ‘कापुत’चे झाले ‘चेफ’. अर्थही थोडा सरकला. शरीराचे डोके ते माणसांचे डोके, म्हणजे प्रमुख. इंग्रजांनी हा शब्द मध्ययुगात उचलला, तेव्हा फ्रेंच लोक ‘च’ म्हणत होते, म्हणून तो ‘चीफ’ झाला. पुढे फ्रेंचांचा ‘च’ बदलून ‘श’ झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तोच शब्द पुन्हा उचलला, यावेळी स्वयंपाकघराच्या प्रमुखासाठी, आणि तो झाला ‘शेफ’. लष्कराचे चीफ आणि मेसमधले शेफ हे एकच शब्द आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी घरी आलेले.

इटालियनमध्ये ‘कापुत’चे ‘कापो’ झाले. त्यावरून ‘कापोराले’ आणि तोच आपल्या वायुसेनेतला कॉर्पोरल. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कापितानेउस’ म्हणजे प्रमुख असा शब्द होता. तो फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन झाला. पोर्तुगीजांनी त्याचे ‘कापितांव’ केले. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि आपल्या किनाऱ्यावर हा शब्द ‘कप्तान’ म्हणून रुजला. इथे चेन्नईतही पोर्तुगीज आलेच होते. सेंट थॉमस माउंटवरचे चर्च त्यांनी 1523 मध्ये बांधले. तमिळमध्ये त्या टेकडीला परंगिमलै म्हणतात. परंगि म्हणजे आपला फिरंगी आणि मलै म्हणजे डोंगर.

इंग्रजीतला ‘हेड’ मात्र ‘कापुत’पासून निघालेला नाही. तो त्याचा चुलतभाऊ आहे. लॅटिन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा एकाच फार जुन्या भाषेच्या वंशातल्या. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये दाखवून दिले, की लॅटिनमध्ये जिथे ‘क’ आहे तिथे इंग्रजी-जर्मनच्या कुळात नियमाने ‘ह’ येतो आणि ‘प’च्या जागी ‘फ’ येतो. आपला पिता, लॅटिन ‘पातेर’ आणि इंग्रजी ‘फादर’ ही जोडी आठवा. जर्मनमध्ये डोक्याला ‘हाउप्ट’ हा जुना शब्द आहे आणि कॅप्टनला म्हणतात ‘हाउप्टमान’, म्हणजे अक्षरशः डोके-माणूस.

आपल्याकडेही असा चुलतभाऊ आहे. फारसीत ‘सर’ म्हणजे डोके आणि संस्कृतात ‘शिरस्’. दोन्हींचे मूळ एकच. मराठीत सरदार, सरपंच, सरनौबत हे शब्द त्या फारसी ‘सर’चे. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावे दिली आणि सरनौबताचे सेनापती झाले.

इथपर्यंत आल्यावर मला धोनी आठवला. चेन्नईत त्याला ‘थाला’ म्हणतात. मला वाटायचे, ते लाडाचे टोपणनाव असेल. माझ्या शेजारच्या पलंगावरचा मित्र मदुरैचा. तो हसून म्हणाला, “थाला नव्हे, तल. तलै म्हणजे डोके.” तमिळमधला ‘त’ इंग्रजीत ‘टीएच’ने लिहितात आणि आपण त्याचा ‘थ’ करतो. तलैवर म्हणजे नेता, तलैनगरम् म्हणजे राजधानी, तलैमै आसिरियर म्हणजे मुख्याध्यापक. म्हणजे ‘कप्तान’ आणि ‘तल’ यांचा अर्थ एकच! पण सावधान, तमिळचे कूळ वेगळे. इथे नाते रक्ताचे नाही. पुढारी म्हणजे डोके ही कल्पना रोममध्ये आणि तमिळ देशात लोकांना आपापली सुचली. शब्द सारख्या अर्थाचे दिसले म्हणून ते नातेवाईक असतीलच असे नाही, हे मला या शोधात शिकायला मिळाले.

मग सहज मी ‘कॅडेट’ शब्द पाहिला. तोही ‘कापुत’चाच निघाला! लॅटिन ‘कापितेल्लुम’ म्हणजे छोटे डोके. फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी नावाचा प्रदेश आहे. तिथे त्याचे ‘कापदेत’ झाले आणि अर्थ झाला लहानसा प्रमुख. पंधराव्या शतकात गॅस्कनीचे जे ‘कापदेत’ फ्रेंच राजाच्या पदरी सैन्यात आले, ते बहुतेक सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे होते. घरची जमीन थोरल्याला मिळायची, धाकट्याने तलवार घेऊन बाहेर पडायचे. म्हणून फ्रेंचमध्ये ‘कादे’ या शब्दाचा अर्थच धाकटा मुलगा असा झाला. पुढे सैन्यात राहून अधिकारी होण्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाला तो लागू लागला. ईस्ट इंडिया कंपनीची अशी कितीतरी मुले कॅडेट म्हणून मद्रासच्या किनाऱ्यावर उतरली. त्यातला एक टॉमस मन्रो. 1780 मध्ये तो पायदळाचा कॅडेट म्हणून इथे आला आणि 1820 मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. आयलंड मैदानाजवळ त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्या घोड्यावर खोगीर नाही आणि रिकीबही नाही.

शब्दकोशात ‘धाकटा मुलगा’ हा अर्थ वाचून मी थांबलो. कारण मी धाकटाच आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. घरी थोडी शेती, त्यात घेवडा आणि आले. वडिलांची पाठ धरली तेव्हा दादाने बारावीनंतर शिक्षण सोडले आणि शेती हातात घेतली. मी इथे आलो तेव्हा शेजारचे म्हणाले होते, “थोरला रानात, धाकटा लांब. बरं झालं, वाटणीचं भांडण नको.” ते बोलणे माझ्या डोक्यात राहिले होते. पहिल्या वर्षी रात्री लाइट्स आउट झाल्यावर वाटायचे, घरात मी जास्तीचा होतो म्हणून मला पाठवले. आता तर शब्दकोशानेही तेच सांगितले.

रविवारी फोनची पाळी आली तेव्हा मी दादाला सगळे सांगितले. बायसेप्सपासून गॅस्कनीपर्यंत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “येड्या, या शाळेचा फॉर्म मीच आणला होता. मला जायचं होतं अशा शाळेत. माझं वय निघून गेलं, तुझं होतं.” मला काय बोलावे कळेना. मग त्यानेच विचारले, “ते दहा पुल-अप्स वाचले का?”

वाचले. उस्तादांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग ‘सर’ कुठून आला तेही शोध.” मला वाटले, तो फारसी ‘सर’च असणार. पण नाही. शिक्षकांना आपण म्हणतो ते ‘सर’ इंग्रजी, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘सेनिओर’, म्हणजे वयाने थोरला.

गॅस्कनीत थोरल्याला जमीन मिळाली म्हणून धाकटा बाहेर पडला. आमच्या घरी धाकट्याला बाहेर पडता यावे म्हणून थोरला जमिनीवर राहिला. शब्द तोच, पण प्रत्येक गावात त्याचा अर्थ माणसे ठरवतात.

सकाळच्या फॉलिनला आम्ही सगळे ओरडतो, “येस सर!” आता मला माहीत आहे, की त्या क्षणी एक धाकटा एका थोरल्याला हो म्हणत असतो. उस्तादांकडे बघून मी ते म्हणतोच. पण त्याच वेळी कोरेगावकडच्या एका वावरात दादा पाण्याची पाळी धरून उभा असतो, आणि त्यातले थोडेसे ‘येस सर’ त्याच्यासाठी असते.