जुन्या पाइपाला नवा संडास जोडताना

मुलाचे लग्न ठरते, घरावर मजला चढतो, म्हाताऱ्या माणसांना अंगणापलीकडे जाणे जमत नाही. मग घरात दुसरा संडास काढावा लागतो. जळगाव जामोदसारख्या गावात अशी कामे निघतच असतात आणि होतकरू प्लंबर व गवंड्यांना त्यातून रोजगार मिळतो. घरमालकाचे म्हणणे बहुधा एकच असते, "जुना पाइप आहेच, त्यालाच जोडून टाका." जोडायला फार वेळ लागत नाही. पण जुना पाइप किती रुंद आहे, त्याला ढाळ किती आहे आणि तो कोठे जातो, हे आधी पाहिले नाही तर नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. घरमालकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव जाते.

पहिली गोष्ट रुंदीची. मोरी किंवा न्हाणीचा पाइप अडीच-तीन इंची असतो. संडासाला ४ इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पाइप लागतो. तो पुढे अरुंद पाइपात सोडला की तुंबणारच. नवा पाइप घेताना त्यावर आयएस १३५९२ हे मानक आणि 'टाइप बी' असा छाप पाहावा. 'टाइप ए' हा पावसाच्या पाण्यासाठी व हवेसाठी असतो, मैल्यासाठी नव्हे. दुकानदार बंधूंनीही हा फरक गिऱ्हाइकाला आपणहून सांगावा.

दुसरी गोष्ट ढाळ आणि वळण. १० फुटांना सुमारे ३ इंच उतार ठेवावा. जेथे टाकीऐवजी बादलीने पाणी ओततात, तेथे ढाळ कमी आणि पाइप लांब असेल तर मैला वाटेतच बसतो. आडव्या पाइपावर काटकोनी 'टी' न लावता वाहत्या दिशेने झुकलेला 'वाय' लावावा आणि वळणावर उघडता येईल असे झाकण किंवा चेंबर ठेवावे. आपल्याकडे बैठक किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ न होईल अशी बसवतात. त्यासाठी पाइपाला जादा वळणे देण्याचे कारण नाही. देशी भांड्याखालचा ट्रॅप वेगळा असतो आणि तो फिरवून पाइपाच्या दिशेला आणता येतो.

तिसरी गोष्ट हवेची. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये वाकड्या नळीत पाणी अडवून दुर्गंधी रोखण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आजचा ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतो. मात्र जुन्या पाइपाला हवा-पाइप नसेल, तर वरच्या संडासात पाणी सोडताच खालच्या ट्रॅपमधील पाणी ओढले जाते, गुडगुड आवाज येतो आणि घरभर वास सुटतो. म्हणून उभा पाइप छताच्या वर नेऊन जाळीच्या टोपीने उघडा ठेवावा.

पूर्णा खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता पुरलेला पाइप सांध्यावर सुटतो. चर जास्त खोदून खाली व बाजूंनी वाळू किंवा बारीक मुरूम भरावा. हीच माती पाणी लवकर शोषत नाही, त्यामुळे लहान शोषखड्डा येथे पुरा पडत नाही.

शेवटी पाइप जातो कोठे, हे पाहावे. तो थेट उघड्या गटारात सोडलेला आढळला, तर त्याला दुसरा संडास जोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या दारात घाण दुप्पट करणे होय. असे काम कारागिराने घेऊ नये, आधी सेप्टिक टाकी सुचवावी. टाकी असेल तर घरातील माणसे मोजावीत. टाकी भरते ती संडासांच्या संख्येने नव्हे, माणसांच्या संख्येने. उपसा दोन-तीन वर्षांनी यंत्राने करावा. जोडणी पाहण्यासाठीही कोणी टाकीत उतरू नये, आतील वायूने क्षणात जीव जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटार व टाकीसफाईतील मृत्यूबद्दल किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले.

काम संपताच फरशी घालू नये. खालचे तोंड बंद करून पाइपात पाणी भरावे, काही वेळ थांबावे, सांधे हाताने तपासावेत. दर सांगतानाच ही चाचणी आणि हवा-पाइप त्यात धरावा, म्हणजे नंतर वाद होत नाही. पाइप कोठून गेला, सांधे कोठे आहेत, याचा साधा नकाशा कागदावर काढून घरमालकाला द्यावा. पुढे कधी पाइप तुंबला, तर त्या कागदामुळे एकच फरशी काढून भागेल, आणि बोलावणेही तुम्हालाच येईल.